बेगम रुकैयांचे स्वप्न

मुलांनो, विज्ञानकथा तुम्हांला आवडतात. यंत्रमानव, अवकाशयान, दुसऱ्या ग्रहावरून आलेले पाहुणे अशा गोष्टी वाचताना रात्र कधी सरते ते कळत नाही. आपल्या पुण्यात तर विज्ञानकथा म्हटली की डॉ. जयंत नारळीकरांचे नाव तोंडी येते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी आपली पहिली विज्ञानकथा टोपणनावाने पाठवली होती. लेखकाचे मोठे नाव पाहून नव्हे, तर कथा वाचून परीक्षकांनी निकाल द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. पुढे त्यांच्या कथांनी मराठी वाचकांना या वाङ्मयाची गोडी लावली. २०२५ साली पुण्यातच त्यांचे निधन झाले.

पण नारळीकरांच्या त्या कथेच्या जवळजवळ सत्तर वर्षे आधी आपल्या देशात एका मुसलमान स्त्रीने एक विज्ञानकथा लिहिली होती. ती स्त्री कधी शाळेत गेली नव्हती. तिने विमान पाहिले नव्हते. घराबाहेर पडताना तिच्याभोवती पडदे असत. तरीही तिने उडणारी गाडी, सूर्याच्या उष्णतेवर चालणारी चूल आणि ढगांतून पाणी काढणारे यंत्र यांची कल्पना केली. तिचे नाव बेगम रुकैया सखावत हुसैन. बंगालमध्ये त्यांना बेगम रोकेया म्हणतात.

रुकैयाचा जन्म १८८० साली रंगपूर जिल्ह्यातील पैराबंद या गावी झाला. हे गाव आता बांगला देशात आहे. वडील मोठे जमीनदार होते. त्यांना अनेक भाषा येत होत्या. मुलांच्या शिक्षणाविषयी ते दक्ष होते, म्हणून इब्राहीम आणि खलील या दोन्ही मुलांना त्यांनी कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात पाठवले. मुलींसाठी मात्र वेगळा नियम होता. त्यांनी घरातच अरबी वाचायला शिकावे, थोडी उर्दू आणि फारसी यावी, एवढे पुरे. बंगाली ही बाहेरच्या लोकांची भाषा आणि इंग्रजी ही परक्यांची, म्हणून या दोन्ही भाषा मुलींना वर्ज्य होत्या.

घरात पडदा फार कडक होता. परक्या पुरुषांपासूनच नव्हे, तर परक्या स्त्रियांपासूनही मुलींनी लपायचे. पाच वर्षांच्या रुकैयालाही हाच नियम लागू होता. एकदा घरी बाहेरगावच्या बायका आल्या आणि काही दिवस राहिल्या. कोणी खूण केली की ही पोर जीव मुठीत धरून पळायची. कधी पलंगाखाली, कधी दाराआड आणि शेवटी माळ्यावर. तिथे तिला जेवणाचीही आठवण कोणी करून देत नसे. घरातला एक लहान मुलगा कधीमधी तिला थोडे दूध नेऊन द्यायचा. पुढे मोठेपणी त्यांनी हा प्रसंग लिहिला तेव्हा त्यात रागापेक्षा विनोदच अधिक होता. मला वाटते, म्हणूनच तो वाचताना मन जास्त अस्वस्थ होते.

रुकैयाची थोरली बहीण करीमुन्निसा हिला वाचनाचे वेड होते. ती चोरून बंगाली शिकली. एक दिवस ती पकडली गेली. तिचे पुस्तक बंद झाले आणि पंधरा वर्षांची होण्याच्या आतच तिचे लग्न लावून देण्यात आले. बहिणीचे हे उदाहरण डोळ्यांसमोर असूनही रुकैया शिकली, याचे श्रेय थोरल्या भावाला दिले पाहिजे. रात्री घर निजले, वडील झोपले, म्हणजे इब्राहीम मेणबत्ती पेटवी आणि बहिणीला इंग्रजी व बंगाली शिकवी. मेणबत्तीच्या उजेडात पान उलटताना आवाज होऊ नये म्हणूनही दोघे जपत असतील. रुकैया हे उपकार कधी विसरल्या नाहीत. पुढे त्यांनी एक पुस्तक बहिणीला आणि एक भावाला अर्पण केले.

वयाची वीस वर्षे पूर्ण होण्याआधीच रुकैयाचे लग्न झाले. पती सय्यद सखावत हुसैन हे बिहारमध्ये भागलपूर येथे डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. ते विधुर होते आणि वयाने बरेच मोठे होते. त्यांची भाषा उर्दू. ते इंग्लंडला जाऊन आले होते. असे लग्न म्हटले की आपण मनात काही वेगळेच चित्र रंगवतो. पण या गृहस्थांनी पत्नीच्या हातात लेखणी दिली. तिने इंग्रजी लिहावे, बंगालीत लेख छापावेत, यासाठी ते आग्रह धरत. १९०२ पासून बेगम रुकैयांचे लिखाण बंगाली मासिकांत येऊ लागले.

१९०५ सालची गोष्ट. सखावत हुसैन कामासाठी दोन दिवस दौऱ्यावर गेले होते. घरी एकट्या असलेल्या रुकैयांनी वेळ घालवण्यासाठी इंग्रजीत एक गोष्ट लिहून काढली. पती परत आले. पत्नीने काय लिहिले आहे ते पाहावे म्हणून त्यांनी कागद हातात घेतले आणि खुर्चीवर न बसता, उभ्या उभ्याच सगळी गोष्ट वाचून संपवली. बायकोने पुरुषांवर चांगलाच सूड उगवला आहे, असा शेरा त्यांनी मारला. पण ते रागावले नाहीत. उलट, भाषा तपासून घेण्यासाठी त्यांनी ती एका इंग्रज अधिकाऱ्याकडे पाठवली. त्या अधिकाऱ्याने एक अक्षरही न बदलता ती कौतुकाने परत केली. त्याच वर्षी मद्रासच्या एका स्त्रियांच्या इंग्रजी मासिकात ती छापून आली आणि १९०८ मध्ये तिचे पुस्तक निघाले. ‘सुलतानाचे स्वप्न’ हे त्या कथेचे नाव.

कथा साधी आहे. सुलताना नावाची स्त्री आरामखुर्चीत बसून हिंदुस्थानातील स्त्रियांच्या स्थितीचा विचार करीत असते. तिचा डोळा लागतो. सारा नावाची एक बाई येऊन तिला फिरायला घेऊन जाते. भर दिवस असतो. सुलताना बुरख्याशिवाय रस्त्यावर आल्यामुळे संकोचाने चोरासारखी चालते. मग तिच्या लक्षात येते की रस्त्यावर एकही पुरुष नाही. या देशात स्त्रिया राज्य करतात आणि पुरुष घराच्या आत, मर्दान्यात राहतात. स्वयंपाक, मुले सांभाळणे ही सगळी कामे पुरुषांकडे आहेत.

सारा तिला स्वयंपाकघर दाखवते. तिथे धूर नाही, कोळसा नाही, धुराड्याची गरज नाही. सूर्याची उष्णता साठवून तिच्यावर अन्न शिजते. ज्यांनी आपल्या आजीला चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेले, डोळ्यांतून पाणी येत असलेले पाहिले आहे, त्यांना ही कल्पना किती मोठी आहे ते कळेल. विज्ञानकथा लिहिणारे बहुतेक लेखक चंद्रावर किंवा समुद्राच्या तळाशी जातात. रुकैया आधी स्वयंपाकघरात गेल्या.

सूर्याच्या उष्णतेचा उपयोग करावा हा विचार त्या काळी अगदीच नवा नव्हता. आपल्या मुंबईतच विल्यम ॲडम्स नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने आरशांनी ऊन एकवटून पाणी उकळण्याचे आणि अन्न शिजवण्याचे प्रयोग केले होते. १८७८ साली त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिले. पण तो प्रयोग तिथेच राहिला. रुकैयांच्या कथेत मात्र एका संपूर्ण देशाचा कारभार त्यावर चालतो.

हे सारे घडले कसे? त्या देशाच्या राणीला विज्ञानाची आवड होती. तिने हुकूम काढला की सर्व स्त्रियांना शिक्षण मिळालेच पाहिजे आणि एकवीस वर्षांच्या आत कोणत्याही मुलीचे लग्न होता कामा नये. मुलींसाठी विद्यापीठे निघाली. एका विद्यापीठातील स्त्रियांनी एक फुगा तयार केला. त्याला नळ्या जोडून ढगांवर तो तरंगत ठेवला आणि हवेतील पाणी हवे तेवढे खाली आणले. पाऊस आणि वादळ त्यांच्या ताब्यात आले. दुसऱ्या विद्यापीठाने सूर्याची उष्णता गोळा करण्याचे यंत्र शोधले. पुरुष त्या वेळी सैन्य वाढवण्यात गुंतले होते. बायकांचे हे उद्योग पाहून त्यांनी त्यांची टर उडवली.

पुढे युद्ध झाले. त्याचे कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. शेजारच्या राज्यातून काही लोक पळून येऊन राणीच्या आश्रयाला राहिले होते. शेजारच्या राजाने त्यांना परत मागितले. राणीने नकार दिला. तुम्हांला दीनियातच्या तासाला शिकलेला प्रसंग आठवेल. मक्केतील छळाला कंटाळून काही मुसलमान समुद्रापलीकडे हबशांच्या देशात गेले. कुरैशांचे दूत त्यांना परत न्यायला आले, तेव्हा तेथील ख्रिस्ती बादशहा नजाशी याने आश्रयाला आलेल्यांना त्यांच्या हवाली केले नाही. राणीचा नकार वाचताना मला दर वेळी नजाशी आठवतो. रुकैयांच्या मनात तो प्रसंग होता की नाही ते त्यांनी लिहिलेले नाही. पण ज्या घरात त्या वाढल्या, तिथे हा किस्सा लहान मुलांनाही ठाऊक असतो.

युद्धात पुरुष हरले. शत्रू राजधानीजवळ आला. तेव्हा एका विद्यापीठाच्या प्राचार्या पुढे झाल्या. त्यांनी पुरुषांना घरात जाण्याची विनंती केली, कारण त्या पडद्याबाहेर येणार होत्या. थकलेले पुरुष मुकाट्याने आत गेले. मग प्राचार्या दोन हजार विद्यार्थिनींना घेऊन रणांगणावर गेल्या आणि साठवलेला सूर्यप्रकाश त्यांनी शत्रूवर सोडला. तो ताप सहन न होऊन सैनिक पळाले. त्यांनी टाकलेली शस्त्रे त्याच उन्हात जळून गेली. तेव्हापासून त्या देशातील पुरुष आतच राहिले.

नववीच्या वर्गात मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरून एक हरकत आली. स्त्रियांना कोंडणे हा जर अन्याय, तर पुरुषांना कोंडणे हा न्याय कसा? हरकत अगदी योग्य होती. लेखिकेला तीच हरकत वाचकांच्या तोंडून काढायची होती, असे माझे मत आहे. घरात बसलेल्या पुरुषाचे चित्र पाहून ज्याला हसू आले किंवा राग आला, त्याने मग विचार करावा की हेच चित्र स्त्रीचे असताना आपल्याला हसू किंवा राग का येत नव्हता. हा आरसा आहे. आरशात डावे ते उजवे दिसते, पण चेहरा आपलाच असतो.

या देशाचा धर्म कोणता, असे सुलताना विचारते. यंत्रांविषयी भरभरून बोलणारी सारा याचे उत्तर मोजक्या शब्दांत देते. एकमेकांवर प्रेम करणे आणि पूर्णपणे खरे बोलणे हे त्यांचे धर्मकर्तव्य आहे. तिथे देहदंडाची शिक्षा नाही, कारण अल्लाहने निर्माण केलेल्या जिवाला मारण्यात त्यांना आनंद वाटत नाही. खोटे बोलणाऱ्याला देशाबाहेर जावे लागते, पण मनापासून पश्चात्ताप केला तर माफीही मिळते. नंतर सुलताना उडत्या गाडीतून राणीच्या भेटीला जाते. हायड्रोजन भरलेले दोन गोळे गाडीचे वजन पेलतात आणि विजेवर फिरणारी पाती तिला पुढे नेतात. परत येताना गाडीतून आपण घसरलो असे सुलतानाला वाटते आणि ती दचकून जागी होते. पाहते तो आपल्याच खोलीत, आपल्याच आरामखुर्चीत.

विज्ञानकथा हा प्रकार यंत्रांविषयी असतो असे आपण समजतो. खरे तर तो माणसांविषयी असतो. १८१८ साली इंग्लंडमध्ये मेरी शेली या तरुण लेखिकेची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. त्यात एक संशोधक प्रयोगशाळेत एक जीव घडवतो आणि त्याचे रूप पाहून त्याला टाकून पळतो. त्या जिवाला बोलता येते, रडता येते, त्याला सोबत हवी असते. मग तो माणूस नव्हे तर काय? १९२० साली कारेल चापेक या चेक लेखकाने कारखान्यात तयार होणाऱ्या कामगारांवर नाटक लिहिले. रोबो हा शब्द जगाला त्या नाटकाने दिला. तिथेही प्रश्न तोच. ज्याला आपण फक्त कामाला जुंपतो, त्याला मन असले तर? रुकैयांनी हाच प्रश्न विचारला, पण त्यासाठी त्यांना प्रयोगशाळेत कोणी घडवावे लागले नाही. जिला मन आहे, बुद्धी आहे, पण जिला पूर्ण माणूस मानले जात नाही, अशी व्यक्ती प्रत्येक घरात होती.

हे नुसते बोलणे नव्हते. रुकैयांनी पुढे ‘अवरोधवासिनी’ या बंगाली पुस्तकात पडद्यातील स्त्रियांच्या ४७ हकिकती लिहिल्या. त्यांतील एक रेल्वे स्टेशनवरची आहे. त्यांच्या सासरच्या नात्यातील एक बाई किऊल स्टेशनवर गाडी बदलत होत्या. बुरख्यात पाय अडकून त्या गाडी आणि फलाट यांच्यामध्ये रुळांवर पडल्या. हमाल धावले. पण बाईंच्या दासीने कोणा पुरुषाला त्यांना हात लावू दिला नाही. ती एकटीच त्यांना ओढत राहिली. तिच्याने ते होईना. अर्धा तास गाडी थांबली आणि मग सुटली. त्या बाई वाचल्या नाहीत. स्टेशनभर माणसे असताना, मदतीला हात पुढे झालेले असताना हे घडले. ‘सुलतानाचे स्वप्न’ मधल्या देशात रेल्वे नाही आणि अपघातही होत नाहीत, हे वाचताना ही हकिकत आठवल्याशिवाय राहत नाही.

संसारात रुकैयांच्या वाट्याला सुख थोडे आले. दोन मुली झाल्या, त्या काही महिन्यांच्याच असताना गेल्या. सखावत हुसैन मधुमेहाने आजारी पडले, त्यांची दृष्टी गेली. रुकैयांनी त्यांची सेवा केली. मे १९०९ मध्ये त्यांचे निधन झाले. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी दहा हजार रुपये बाजूला ठेवले होते. त्या काळी ही रक्कम मोठी होती.

पाच महिन्यांनी, १ ऑक्टोबर १९०९ रोजी, भागलपूरला त्यांनी शाळा उघडली. विद्यार्थिनी होत्या पाच. पण सासरच्या मंडळींशी मालमत्तेवरून वाद झाला आणि त्यांना भागलपूर सोडावे लागले. त्या कलकत्त्याला आल्या. मार्च १९११ मध्ये वलीउल्ला लेनमधील एका छोट्या घरात आठ मुली घेऊन त्यांनी पुन्हा सुरुवात केली. शाळेचे नाव सखावत मेमोरियल गर्ल्स स्कूल. आणि तुम्हांला हे वाचून आनंद होईल की ही शाळा सुरुवातीला आपल्यासारखीच उर्दू माध्यमाची होती.

बाई स्वतः कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या. एकाच शिक्षिकेने अनेक मुलींना एकाच वेळी शिकवायचे कसे, हेही त्यांना प्रथम उमगत नव्हते असे सांगतात. मग त्या शहरातील दुसऱ्या मुलींच्या शाळांत जाऊन बसल्या, तिथले कामकाज पाहिले आणि शिकल्या. बी.एड.च्या वर्गात आम्ही पाठ टाचण, फळा आणि वर्ग नियंत्रण यांवर वर्षभर घालवले होते. या बाईंनी ते सगळे एकटीने, विधवापणाच्या पहिल्या काही वर्षांत आत्मसात केले. शाळेत कुरआन अर्थासह शिकवले जाई. त्याशिवाय भाषा, शिवण, रुग्णसेवा, स्वयंपाक आणि व्यायामही असे. मुलींनी व्यायाम करावा ही गोष्ट अनेक पालकांना रुचत नसे.

मुलींना आणायचे कसे, हा सर्वांत मोठा प्रश्न होता. घरोघर जाऊन रुकैया पालकांना विनवत. मुलींना पडद्याच्या गाडीतून आणू, अशी हमी देत. पुढे शाळेने मोटार बस घेतली. नवे यंत्र, नवी सोय! पण पडद्यासाठी ती बस चारही बाजूंनी अशी बंद केली होती की आत ना उजेड, ना हवा. एका इंग्रज बाईने ती पाहून तिची तुलना कलकत्त्याच्या अंधारकोठडीशी केली. पहिल्याच दिवशी मुली अंधाराला घाबरून रडल्या. कोणाला उलट्या झाल्या, कोणाला घेरी आली. म्हणून बाजूच्या झडपा उघडून पडदे लावण्यात आले. लगेच पत्रे येऊ लागली की वाऱ्याने पडदे उडतात, मुली दिसतात, शाळा बेपर्दगी पसरवते. वर्तमानपत्रांत लिहून शाळा बदनाम करण्याची धमकीही होती. इकडे मुलींचा जीव गुदमरत होता आणि तिकडे शाळेचा. जिने उडत्या गाडीचे स्वप्न पाहिले, तिला जमिनीवरची एक मोटार नीट चालवणे इतके कठीण गेले.

आमच्या शिक्षकांच्या खोलीत एकदा या प्रसंगावरून वाद झाला. बस चालवण्यासाठी बाईंनी पडदे काढूनच टाकायला हवे होते, असे एकाचे म्हणणे होते. मला तसे वाटत नाही. पडदे काढले असते तर दुसऱ्या दिवशी बस रिकामी गेली असती. बेगम रुकैया स्वतः आयुष्यभर डोके झाकून वावरल्या. अंगभर, सभ्य पोशाखाला त्यांचा विरोध नव्हता. माणसाला कोंडून ठेवणे आणि त्याला धर्माचे नाव देणे याला त्यांचा विरोध होता. इस्लामने मुलींना वारशाचा आणि ज्ञानाचा हक्क दिला असताना तो त्यांच्या हाती का पडत नाही, हे त्या पुन्हा पुन्हा विचारत. त्यांच्या सुरुवातीच्या एका लेखात धर्माच्या नावाने पुरुषांनी केलेल्या नियमांवर इतके कडक लिहिलेले होते की गदारोळ झाला. पुस्तक निघाले तेव्हा त्या लेखातील काही भाग त्यांनी गाळला. त्यांना कोणी धर्मबुडवी म्हटले, तर कोणी भित्री. शाळा मात्र बंद पडली नाही. १९१५ पर्यंत विद्यार्थिनींची संख्या ८४ झाली आणि पुढे तिचे हायस्कूल झाले.

हे सर्व वाचताना पुणेकरांना आपल्या गावाची आठवण होणे साहजिक आहे. भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या एका पत्रात फातिमा हे नाव येते. ती त्यांची सहकारी होती. सावित्रीबाईंवर चिखल आणि शेण फेकले गेले, रुकैयांवर धमकीची पत्रे. त्यानंतरच्या पिढीत काशीबाई कानिटकरांनी मराठीत लिहिलेली ‘पालखीचा गोंडा’ ही कादंबरी १९२८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत एका संस्थानाचा कारभार स्त्रिया चालवतात. काशीबाईही लग्नानंतर घरच्या वडीलधाऱ्यांच्या नजरा चुकवून वाचायला शिकल्या होत्या. एक भागलपूरला, दुसरी महाराष्ट्रात. भाषा वेगळी, धर्म वेगळा. दोघींनी रात्री चोरून वाचलेल्या अक्षरांतून स्त्रियांचे राज्य उभे केले, याचे मला फार नवल वाटते.

१९१६ साली रुकैयांनी कलकत्त्यात मुस्लिम स्त्रियांची अंजुमन स्थापन केली. गरीब बायकांना शिकवणे, विधवांना मदत करणे ही कामे तिने केली. १९२४ मध्ये त्यांची ‘पद्मराग’ ही कादंबरी आली. तीत एक आश्रम आहे. तिथे हिंदू, मुसलमान, ब्राह्मो आणि ख्रिस्ती बायका एकत्र राहतात आणि शाळा, दवाखाना व कार्यशाळा चालवतात. त्यात उडत्या गाड्या नाहीत. पण सुलतानाच्या देशापेक्षा हा आश्रम मला अधिक जवळचा वाटतो, कारण तिथे कोणालाच कोंडलेले नाही.

१९३० साली एक आनंदाची गोष्ट घडली. त्यांच्या ओळखीच्या एका मुसलमान तरुणाने वैमानिकाचे शिक्षण घेतले होते. त्याने पन्नास वर्षांच्या रुकैयांना आपल्या विमानात बसवून सुमारे ५० मैलांची सफर घडवली. ‘सुलतानाचे स्वप्न’ लिहिले तेव्हा त्यांनी विमान पाहिलेही नव्हते. पंचवीस वर्षांनी त्यांनी ढगांच्या बरोबरीने जाऊन खालची शेते आणि घरे पाहिली. या सफरीवर त्यांनी बंगालीत लेख लिहिला. माळ्यावर लपून बसणारी ती पाच वर्षांची पोर त्या वेळी त्यांना आठवली असेल का?

तब्येत खालावत होती, पण काम थांबले नाही. सकाळी शाळा, दुपारी पालकांच्या भेटी, रात्री लेखन. ८ डिसेंबर १९३२ च्या रात्री त्या उशिरापर्यंत लिहीत बसल्या होत्या. पहाटे त्यांचा अंत झाला. त्यांचे वय ५२ वर्षांचे होते. कलकत्त्याजवळ सोदपूर येथे त्यांना दफन करण्यात आले. बांगला देशात ९ डिसेंबर हा दिवस त्यांच्या नावाने पाळतात, रंगपूरच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे आणि २०२४ मध्ये युनेस्कोने आशिया व प्रशांत विभागाच्या स्मृतिवारशाच्या यादीत ‘सुलतानाचे स्वप्न’ या कथेचा समावेश केला. कोलकात्याची त्यांची शाळा आजही भरते.

त्या रात्री त्या लिहीत होत्या तो लेख टेबलावर तसाच राहिला. त्याचा विषय होता स्त्रियांचे हक्क. तो पुरा झाला नव्हता.